आधी बॉयलर, मग धुरांडं: काल्पनिक नौदलासाठी युद्धनौका कशी रेखाटावी

माझे मोठे मामा मुंबईच्या गोदीत फिटर होते. दहावीच्या सुट्टीत काढलेली एक क्रूझर (विनाशिकेहून मोठी, बॅटलशिपहून लहान युद्धनौका) मी मोठ्या उत्साहाने त्यांच्यापुढे धरली. चार टरेट, म्हणजे तोफांचे फिरते बुरूज, प्रत्येकात तीन तोफा, मागे कललेली दोन धुरांडी, तलवारीसारखी नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक. मामांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं आणि एका धुरांड्यावर बोट ठेवलं.

"बाळ, ह्याच्याखाली काय आहे?"

"बॉयलर."

"आणि ही तोफ त्याला चिकटून. हिचा दारूगोळा कुठून वर येणार? बॉयलरच्या पोटातून?"

त्या दिवसापासून मी जहाज आतून बाहेर काढतो. धुरांडं, ब्रिज (जिथून जहाज चालवतात तो मनोरा), डोलकाठी असं जे जे डोळ्यांत भरतं ते कागदावर शेवटी येतं, पण त्याची जागा पोटातल्या यंत्रांनी आणि कोठारांनी केव्हाच ठरवलेली असते. हा लेख त्याच क्रमाने जातो. उदाहरणाला एकच जहाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेऊ: मेरुद्वीप नावाच्या काल्पनिक देशाची १९३४ सालची हलकी क्रूझर 'मतलई'. देश आणि जहाज मनातलं आहे. त्यांना लागू होणारं पाणी, पोलाद आणि वाफ मात्र खरी धरायची.

देश ठरल्याशिवाय पेन्सिल उचलू नका

मेरुद्वीप हा सहाशे सागरी मैल पसरलेला द्वीपसमूह. बेटांमधले मार्ग उथळ. मुख्य बंदराच्या तोंडाशी ओहोटीला सहा मीटर पाणी. सुकी गोदी एकच, १६० मीटर लांब आणि १८ मीटर रुंद. शेजाऱ्याकडे आठ विनाशिका आणि एक जुनी क्रूझर. मोठ्या तोफा ओतायचा स्वतःचा कारखाना नाही, त्या ब्रिटनकडून विकत घ्यायच्या. पैसा बेताचा.

एवढं लिहिलं की निम्मं जहाज ठरलं. लांबी १६० मीटरच्या आत, रुंदी १८ च्या बरीच आत, पूर्ण भरलेलं असताना पाण्याखाली पाच मीटरपेक्षा जास्त नको, आणि तोफ ब्रिटिश कारखान्यात मिळते ती, म्हणजे ६ इंची. हेच मेरुद्वीपाने फ्रान्सकडून घ्यायचं ठरवलं असतं तर तोफ तिकडच्या मापाची आली असती आणि टरेटचा आकारही बदलला असता.

किनाऱ्याप्रमाणे जहाज घडतं, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. आंग्र्यांच्या आरमारातली गुराब लांबीच्या मानाने रुंद आणि उथळ पाण्यात चालेल अशी असे. दोन डोलकाठ्यांची गुराब दीडशे टनांपर्यंत, तीन काठ्यांची तीनशेच्या आसपास. नाळ लांबलचक पुढे झेपावलेली आणि तिच्यामागून थेट पुढे मारा करणाऱ्या तोफा. सोबतची गलबतं चाळीस-पन्नास वल्ह्यांची. वारा पडला की ती गुराबांना ओढून नेत आणि शत्रूच्या मोठ्या जहाजाच्या पिछाडीला आणत, कारण तिकडे त्याच्या तोफा कमी. खाड्या, उथळ पाणी आणि मध्येच पडणारा वारा, सगळं त्या आकारात उतरलेलं आहे. तुमच्या काल्पनिक देशाच्या जहाजातही त्याचा किनारा असाच दिसायला हवा.

किती जहाजं लागतील, हेही इथेच ठरवा. एक जहाज कायम गस्तीवर हवं असेल तर साधारण तीन बांधावी लागतात: एक समुद्रावर, एक दुरुस्तीला, एक सरावात किंवा वाटेत. मेरुद्वीपाला तीन क्रूझर हव्यात आणि पैसा बेताचा, म्हणून प्रत्येक क्रूझर लहानच असणार.

शिवाय काळाचं भान ठेवा. १९२२ च्या वॉशिंग्टन कराराने क्रूझरला १०,००० टन आणि ८ इंची तोफ अशी मर्यादा घातली आणि बड्या नौदलांनी अगदी त्या काठापर्यंत जहाजं बांधली. १९३० च्या लंडन कराराने ६.१ इंचांपर्यंतच्या तोफांची क्रूझर वेगळ्या गटात टाकली. तुमचा देश करारात नसला तरी ज्या देशाकडून तो तोफा घेतो तो असतो.

पाच आकडे

आता लांबी, रुंदी, ड्राफ्ट, वजन, वेग. लांबी म्हणजे इथे जलरेषेवरची लांबी, आणि ड्राफ्ट म्हणजे जलरेषेपासून तळापर्यंतची खोली.

मतलईसाठी मी घेतलं: लांबी १४८ मीटर, रुंदी १४.६, ड्राफ्ट ४.६. लांबीला रुंदीने भागलं तर दहाच्या जरा वर येतं. त्या काळच्या हलक्या क्रूझर साधारण अशाच सडपातळ होत्या. बॅटलशिप याहून खूप रुंद असते. तिचा आकडा सहा-सातच्या आसपास असतो.

वजन काढायची रीत सोपी आहे. पाण्याखालच्या भागाभोवती एक चौकोनी पेटी आहे असं समजा. लांबी गुणिले रुंदी गुणिले ड्राफ्ट. जहाज ही पेटी पूर्ण भरत नाही, टोकांना निमुळतं होतं आणि खालून गोलावतं. किती भाग भरतं त्या आकड्याला ब्लॉक कोएफिशंट म्हणतात. वेगवान क्रूझर आणि विनाशिकांसाठी तो ०.५ च्या आसपास धरावा, बॅटलशिपसाठी ०.६. मतलईला ०.५२ धरू. गुणाकार येतो सुमारे ५,१७० घनमीटर, आणि समुद्राचं पाणी घनमीटरला १.०२५ टन, म्हणून जहाज ५,३०० टनांचं.

आकडा आला की खऱ्या जहाजाशी ताडून बघायचा. ही सवय लावूनच घ्या. ब्रिटनची अरेथुसा १९३४-३५ च्या सुमारास तयार झाली: ५,२२० टन, ६ इंची सहा तोफा, ६४,००० अश्वशक्ती. म्हणजे आपल्या टनांत सहा तोफा बसतात. कोणी आठ सांगितल्या तर जहाज वाढवा किंवा काही काढा. माझ्या दहावीतल्या क्रूझरवर बारा होत्या.

आणखी एक आकडा वहीत लिहून ठेवा. मतलईवर दर पंधरा-साडेपंधरा टन वजन चढवलं की ती एक सेंटिमीटर खाली बसते. जलरेषेवरचं क्षेत्रफळ पेटीच्या सत्तर टक्के धरून हे येतं. पूर्ण इंधन, पाणी आणि दारूगोळा भरताना साडेसहाशे टन वाढले तर ती बेचाळीस सेंटिमीटर खाली जाईल. ड्राफ्ट पाच मीटर. बंदराच्या तोंडाशी ओहोटीला पाणी सहा मीटर, म्हणजे तळाखाली एक मीटर उरलं. चालेल.

शेवटचे चार नॉट फार महाग

नवीन रेखाटणाऱ्यांच्या जहाजांवर हमखास '४० नॉट' (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) लिहिलेलं सापडतं. त्यांना मी हे गणित करायला लावतो.

जहाज पाणी कापताना लाट उठवतं आणि लांबीच्या मानाने एका वेगानंतर स्वतःच्याच लाटेवर चढायला लागतं. विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्याने १८७२ मध्ये टॉर्की या गावी बांधलेल्या टाकीत लहान प्रतिकृती ओढून याच गोष्टीचा अभ्यास केला. मीटरमधल्या लांबीचं वर्गमूळ काढून २.४३ ने गुणलं की तो उंबरठा नॉटमध्ये मिळतो. मतलईचा येतो साडेएकोणतीस. त्यापुढे जाता येतं, पण वाफेची किंमत मोजून.

ती किंमत काढायला जुनी रीत आहे: वजनाचं घनमूळ काढून त्याचा वर्ग करायचा, त्याला वेगाच्या घनाने गुणायचं आणि एका स्थिरांकाने भागायचं. क्रूझरला स्थिरांक १८० च्या आसपास धरा. मतलईला ३० नॉटसाठी लागतात सुमारे ४५,६०० अश्वशक्ती. ३४ नॉटसाठी ६६,०००. चार नॉटसाठी यंत्र जवळजवळ दीडपट! जास्त बॉयलर, जास्त लांबी, जास्त इंधन, आणि तेवढं वजन तोफा-चिलखतातून वजा. मेरुद्वीपाची क्रूझर बेटांमधल्या अरुंद मार्गांत उभी राहून लढणार आहे, महासागरात कोणाचा पाठलाग करणार नाही. मी ३१ नॉट आणि ५०,००० अश्वशक्तीवर थांबलो.

आधी छेद, मग बाजू

कागदावर पहिली आकृती बाजूची काढायचा मोह होतो. तो आवरा. पहिली काढा मधोमध कापलेल्या जहाजाची, म्हणजे १४.६ मीटर रुंद छेदाची. तळापासून वर दुहेरी तळ, त्यावर बॉयलर, त्यावर एक डेक, त्यावर मुख्य डेक. दोन डेकमध्ये २.३ ते २.४ मीटर उंची सोडा. हे एकदा काढलं की बाजूच्या चित्रात खिडक्यांच्या रांगा, दारं आणि पायऱ्या आपोआप जागेवर बसतात, आणि बॉयलर किती उंच असतो हे डोळ्यांना कळतं.

आता पोट लावू. नाळेकडून मोजत, सगळे आकडे मीटरमध्ये.

पहिले साडेसात मीटर रिकामे ठेवा: साखळीची खोली आणि टक्कर झाल्यास पाणी अडवणारा पडदा. पहिला टरेट ३१ वर, दुसरा ४१ वर. ब्रिटिश पद्धतीत पुढचे टरेट ए आणि बी, मागचे एक्स आणि वाय. प्रत्येक टरेटच्या बरोबर खाली, जलरेषेखाली, त्याचं दारूगोळ्याचं कोठार. टरेट म्हणजे विहिरीवरचा रहाट समजा. विहिरीशिवाय त्याला अर्थ नाही. मामांनी बोट ठेवलं होतं ते इथेच.

४७ ते ५८ ब्रिजखालचा भाग: तोफांच्या नेमाचं गणित करणारी खोली, जनित्रं, थोडं इंधन. ही जागा कोठार आणि बॉयलर यांच्यात मुद्दाम ठेवली, कारण उष्णतेने कॉर्डाइट, म्हणजे तोफेची दारू, खराब होतं.

५८ ते १०८ यंत्रं. पन्नास मीटर, म्हणजे लांबीचा तिसरा हिस्सा. इथे एक निर्णय घ्यायचा असतो आणि तो जहाजाचा चेहरा बदलतो. बॉयलरच्या खोल्या एकापाठोपाठ लागून ठेवल्या तर सगळा धूर एकाच जाड धुरांड्यात आणता येतो. पण एका टॉर्पेडोत सगळी वाफ जाऊ शकते. बॉयलर, टर्बाइन, पुन्हा बॉयलर, पुन्हा टर्बाइन असं आलटून-पालटून लावलं तर अर्धं जहाज जखमी होऊनही चालत राहतं, आणि मग धुरांडी दोन होतात, एकमेकांपासून लांब. ब्रिटनच्या लिअँडर वर्गाच्या, म्हणजे एकाच आराखड्याच्या, क्रूझरपैकी पहिल्या पाच जहाजांना एक धुरांडं होतं. पुढच्या तिघांत यंत्रं आलटून-पालटून लावली आणि धुरांडी दोन झाली. धुरांड्यांची संख्या हौसेने ठरत नाही, हे कळायला ही आठ जहाजं शेजारी ठेवून पाहावीत.

मतलईला दोन. पुढचं ६५ वर, मागचं ८९ वर. मधल्या मोकळ्या डेकवर दोन्ही बाजूंना टॉर्पेडो-नळ्या, वर होड्या आणि क्रेन. बॉयलरच्या माथ्यावर मात्र जड काही नको. बॉयलर कधीतरी बदलावा लागतो, तेव्हा डेक उघडून तो वर काढतात.

मागचा टरेट १२० वर, खाली कोठार. १४० नंतर सुकाणूची यंत्रणा.

हे सगळं झालं की वरून दिसणारी आकृती काढा. बाजूचं चित्र फसवतं. ३१ मीटरवर जहाज मधल्यापेक्षा अरुंद झालेलं असतं. तिथे टरेटचं वर्तुळ काढून दोन्ही बाजूंनी माणूस चालेल एवढी वाट उरते का बघा. उरत नसेल तर टरेट मागे घ्या आणि सगळं पुन्हा सरकवा. मला अजूनही तीन-चार वेळा सरकवावं लागतं.

वरचं ओझं

बाकी चुका पाहणाऱ्याच्या नजरेतून सुटतात, ही सुटत नाही. मनोऱ्यासारखा ब्रिज, त्यावर आणखी मजला, त्यावर नेमयंत्र, शिवाय चार बाजूंना तोफा असं जहाज कागदावर भव्य दिसतं आणि समुद्रात उलटतं.

स्वीडनचं 'वासा' हे जहाज १० ऑगस्ट १६२८ ला स्टॉकहोममधून पहिल्या सफरीला निघालं आणि दीड किलोमीटरही न जाता बुडालं. १८७० मध्ये ब्रिटनचं 'कॅप्टन' नावाचं जहाज वादळात उलटलं. त्याचा आराखडा ज्यांच्या कल्पनेतून आला ते काउपर कोल्स जहाजावरच होते आणि बुडाले. आपल्या मतलईच्याच वर्षी, मार्च १९३४ मध्ये, जपानची तोमोझुरू उलटली. सहाशे टनांच्या आसपासच्या त्या बोटीवर ५ इंची तीन तोफा आणि टॉर्पेडो-नळ्या चढवल्या होत्या. त्यानंतर जपानने आपल्या जहाजांची फेरतपासणी केली. बांधणी चालू असलेल्या मोगामी वर्गाच्या क्रूझरचं वरचं बांधकामही कमी केलं.

तुम्हाला पूर्ण हिशेब करायची गरज नाही, पण एक तक्ता जरूर ठेवा: वस्तू, वजन, तळापासून उंची. मतलईचा गुरुत्वमध्य मी तळापासून ५.६ मीटरवर धरला. तिच्या रुंदीवरून आणि ड्राफ्टवरून मेटासेंटर (जहाज थोडं कललं की पाण्याचा वरचा रेटा ज्या बिंदूतून जातो तो) येतो साडेसहा मीटरच्या जवळ. या दोन बिंदूंमधलं अंतर, इथे नव्वद सेंटिमीटर, तेवढ्यावर जहाज सरळ उभं राहतं. आता समजा मला आणखी एक जुळ्या तोफांचा टरेट चढवायचा आहे. वजन शंभर टन, उंची अकरा मीटर. गुरुत्वमध्य दहा सेंटिमीटर वर सरकतो. एका टरेटने नव्वदातले दहा गेले, त्याचं कोठार, चिलखत आणि माणसं अजून मोजलीच नाहीत. असा हिशेब एकदा हाताने केला की पुढच्या वेळी पेन्सिल आपोआप थांबते.

म्हणून ब्रिज तीन मजल्यांवर ठेवा, वर जाल तसं पातळ पत्र्याचं आणि लहान होत जाणारं. बी टरेट ए पेक्षा एक डेक उंच लागतो, त्याच्या नळ्या पुढच्याच्या छतावरून गेल्या पाहिजेत. मागे तसा उंच टरेट नाही, हे बरंच झालं.

आता रेषा

कागद ए-३ आलेखाचा, प्रमाण १:५००. मतलईची एकूण लांबी १५२ मीटर, म्हणजे कागदावर ३०.४ सेंटिमीटर. पेन्सिल २एच, नंतर ०.१ आणि ०.३ चे पेन. संगणकावर काढत असाल तर एक पिक्सेल म्हणजे सहा इंच हे प्रमाण घ्या, बरेच जण तेच वापरतात. त्यात मतलई सुमारे हजार पिक्सेल भरते. जिंपमध्ये (चित्रं काढायच्या मोफत प्रोग्रामात) तळ, जहाजाचं बाहेरचं अंग, वरचं बांधकाम, डोलकाठ्या आणि दोर अशा वेगवेगळ्या थरांवर काढलं की पुढच्या डागडुजीला सोपं जातं.

सगळ्यात आधी तळरेषा, तिच्या वर ४.६ मीटरवर जलरेषा, आणि दर दहा मीटरला फिकट उभी रेषा. मग डेकची रेषा. ती सपाट पट्टीने काढू नका. नाळेकडे ती हलकेच वर चढते. नाळेची पाण्यावरची उंची मी लांबीच्या विसाव्या भागाइतकी ठेवतो, मतलईला ७.४ मीटर. पिछाडीला साडेचार पुरे. ही एक रेषा मी दहा-बारा वेळा खोडतो. ती जमली की जहाज पाण्यावर बसल्यासारखं दिसतं, नाहीतर तरंगणाऱ्या पाटासारखं.

नाळेचा आकार काळ सांगतो. १९०० च्या आधी पाण्याखाली पुढे आलेली धडक देणारी नाळ, तीसच्या दशकात पुढे कललेली, आणि नव्वदच्या दशकापासून रडार चुकवायला कललेल्या सपाट भिंती. मतलईला साधी कललेली.

मग टरेट, धुरांडी, ब्रिज, डोलकाठ्या याच क्रमाने. तोफेची नळी मोजून काढा. ५० कॅलिबरची ६ इंची नळी म्हणजे ५० गुणिले ६, तीनशे इंच, ७.६ मीटर. १:५०० वर पंधरा मिलिमीटर, आणि त्यातला मागचा भाग टरेटच्या आत. बहुतेक जण नळी जाड काढतात. ०.३ च्या पेनची एक रेघ टोकाकडे जवळजवळ पुरते.

बारकाव्यांच्या आधी एक माणूस काढून बाजूला ठेवा. १:५०० वर साडेतीन मिलिमीटर, पिक्सेलमध्ये अकरा-बारा. तो प्रत्येक ठिकाणी उभा करून बघायचा. दारातून जातो का? ब्रिजच्या कठड्यावरून त्याला नाळ दिसते का? टॉर्पेडो-नळीजवळ उभं राहायला जागा आहे का? कठडा त्याच्या छातीखाली येतो का? मी पारदर्शक कागदाच्या तुकड्यावर असा एक माणूस काढून ठेवला आहे, गेली कित्येक वर्षं तोच वापरतो.

गोल खिडक्या फक्त जिथे माणसं राहतात तिथे. यंत्रांच्या बाजूला, चिलखताच्या पट्ट्यावर एकही नको. पाचशे माणसं आहेत, तर होड्या कुठे, नांगराची साखळी कोणत्या भोकातून जाते, स्वयंपाकघराचं लहानसं धुरांडं कुठून निघतं, हे सगळं दिसलं पाहिजे. तो स्वयंपाकघराचा पातळ पाइप बहुतेक लोक विसरतात. मला तो काढायला फार आवडतं.

रंगात फार गुंतू नका. पाण्याखाली लाल, जलरेषेवर काळा पट्टा, वर करडा, सावलीला त्याहून एक छटा गडद, उजेडाला एक फिकट. उजेड वरून डावीकडून, सगळ्या चित्रभर एकाच बाजूने. नाळेचा फुगवटा बाजूच्या रेषेत दिसत नाही, तो फक्त सावलीने दाखवता येतो. म्हणून तिथली सावली सावकाश करा.

जहाजाला वय द्या

कोरं करकरीत जहाज काढून बरेच जण थांबतात. माझ्या मते मजा इथून पुढे आहे.

अकिलिसचं उदाहरण घ्या. लिअँडर वर्गाची क्रूझर, आठ तोफा, डिसेंबर १९३९ मध्ये रिव्हर प्लेटच्या लढाईत होती. जानेवारी १९४३ मध्ये सॉलोमन बेटांजवळ एक्स टरेटवर बॉम्ब पडला. पोर्ट्समथला दुरुस्ती करताना तो टरेट परत बसवलाच नाही, त्या जागी विमानविरोधी तोफा आल्या. १९४८ मध्ये हेच जहाज 'दिल्ली' नावाने भारतीय नौदलात आलं, सहा तोफांसह. डिसेंबर १९६१ मध्ये दीवच्या कारवाईत ते होतं, आणि १९७८ मध्ये निवृत्त झालं. आपल्या 'दिल्ली'च्या छायाचित्रात मागचा एक टरेट का नाही, याचं उत्तर सॉलोमन बेटांत आहे. काल्पनिक जहाजालाही असा एखादा व्रण असू द्या.

मिश्रणही खरं दिसतं. मुंबईत माझगाव गोदीत बांधलेली आणि १९८३ मध्ये दाखल झालेली गोदावरी पाहा: जहाजाच्या अंगाचा वंश ब्रिटिश लिअँडर फ्रिगेटचा (वरच्या लिअँडर क्रूझरशी फक्त नाव सारखं), क्षेपणास्त्रं सोव्हिएत, आणि पाठीवर दोन सी किंग हेलिकॉप्टरं. ज्या देशाने जिथून मिळेल तिथून सामान आणलं, त्याच्या जहाजावर ते दिसतं.

मतलईचं दुसरं चित्र मी १९४४ सालचं काढलं. रडार आलं, त्यासाठी पुढची डोलकाठी तिपाई केली. दोन्ही बाजूंना ४० आणि २० मिलिमीटरच्या विमानविरोधी तोफा. तक्त्यात साठ टन वाढले, तेही बरेच उंचावर. मग टॉर्पेडो-नळ्यांचा एक संच उतरवला, मागच्या धुरांड्याला एक मीटर कापलं, दोन जड होड्या काढून तराफे बांधले. तरी ती दोनेक सेंटिमीटर खाली बसली, म्हणून काळा पट्टा थोडा वर घेतला. जुनी टॉर्पेडो-नळ्यांची गोल चौकट डेकवर तशीच ठेवली, कारण गोदीतली माणसं विनाकारण पोलाद कापत बसत नाहीत.

संदर्भ पाहायला पुस्तकांशिवाय खरी जहाजं बघा. गेटवेहून एलिफंटाला किंवा मांडव्याला जाणाऱ्या बोटीतून नौदलाची जहाजं लांबून दिसतात. कॅमेरा खिशात ठेवा, नजरेने मोजा: ब्रिज लांबीच्या कितव्या भागावर, धुरांडं कितव्या. घरी आल्याबरोबर आठवणीतून काढा. लंडनला असाल तर टेम्सवर टॉवर ब्रिजजवळ १९७१ पासून संग्रहालय म्हणून उभ्या असलेल्या बेलफास्टवर अख्खा दिवस घालवा. तिच्यावर ६ इंची बारा तोफा आहेत. टरेटमध्ये उभं राहा, मग बॉयलरच्या खोलीत उतरा आणि दोन्हींत किती डेकचं अंतर आहे ते पायऱ्यांवर मोजा.

चित्र पुरं झालं की उजव्या कोपऱ्यात माप-पट्टी, वर्ष, टन, तोफा, वेग लिहा. नावांची एक पद्धत ठरवा. मेरुद्वीपाच्या क्रूझरना वाऱ्यांची नावं आहेत, म्हणून मतलईच्या बहिणी वावटळ आणि सोसाटा. शेवटी तो साडेतीन मिलिमीटरचा माणूस पारदर्शक कागदावरून उतरवून घ्या आणि पिछाडीला, झेंड्याच्या काठीशेजारी उभा करा.